दुसरी भीती

विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. पाठीवरचा डबा पहिल्यांदा सुटतो तेव्हा जो तो हातपाय झाडतो, मान वर ताणतो, आणि जितका ताणतो तितका खाली जातो. काठावरून कुणीतरी ओरडतं, ‘अरे, अंग सैल सोड!’ अंग सैल पडतं, छातीत हवा भरते आणि ज्या पाण्याने क्षणापूर्वी नाकातोंडात घुसून जीव घाबरा केला, तेच पाणी आपल्याला अलगद उचलून धरतं.

मनाच्या दुखण्यातही असंच काही घडू शकतं, हे एका बाईंना स्वतःच्या छातीतल्या धडधडीतून उमगलं. तेव्हा त्या डॉक्टरही नव्हत्या. त्या सापसुरळ्यांचा अभ्यास करत होत्या.

क्लेअर वीक्स यांचा जन्म १९०३ मधला, सिडनीचा. सापसुरळीच्या कुळातल्या काही जाती अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देतात. असं का होत असावं, त्याचा थंड हवेशी काय संबंध, या कोड्यात वीक्सबाई रमल्या होत्या. १९३० मध्ये सिडनी विद्यापीठाची ‘डॉक्टर ऑफ सायन्स’ ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पण त्याआधी, पंचविशीच्या आसपास, घशाच्या आजारानंतर त्यांना क्षय झाल्याचं निदान झालं आणि रवानगी सॅनेटोरियममध्ये झाली. निदान चुकलं होतं. ते कळेपर्यंत मात्र एकटीने पडून स्वतःच्या काळजाचे ठोके ऐकण्याची सवय लागली होती. धडधड झाली की धसका, आणि धसक्याने पुन्हा धडधड. घरी परतल्यावरही ती सुटेना.

पहिल्या महायुद्धात लढलेल्या एका मित्राला त्यांनी हे सांगितलं. त्याला काहीच नवल वाटलं नाही. खंदकात आम्हा सैनिकांची छातीही अशीच उडायची, असं त्याने सांगितलं. काळीज बिघडलेलं नाही, घाबरलेलं आहे. आणि तू त्या घाबरण्यालाच घाबरते आहेस.

एवढ्याशा बोलण्याने धडधडीची मगरमिठी सुटावी, हे वाचताना विश्वास बसत नाही. म्हणून शरीरात काय चालतं ते पाहू. मला तर ते दरवेळी नव्याने थक्क करतं.

मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक छोटासा भाग आहे, अमिग्डाला. त्याला धोक्याची नुसती चाहूल लागली की आपण विचार करायच्या आधीच निरोप सुटतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन ओततात. ठोके वाढतात. पचन थांबतं, पोटात गोळा येतो. श्वास भराभर चालतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि म्हणून बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी केलेली ही चोख तयारी. वाघ समोर असेल तर हिच्याइतकं उपकारक दुसरं काही नाही.

आणि रक्तात आलेलं हे अ‍ॅड्रेनॅलिन काही मिनिटांतच झपाट्याने ओसरू लागतं. शरीर त्याचा निचरा करतच असतं. नवा पुरवठा झाला नाही तर वादळ आपोआप शमायला हवं. मग तासन्‌तास, दिवसेंदिवस ते घोंगावतं कशाच्या जोरावर?

इथे वीक्सबाईंनी जे वेगळं काढून दाखवलं ते मला त्यांच्या सापसुरळ्यांच्या शोधापेक्षाही मोठं वाटतं. त्यांनी भीतीचे दोन तुकडे केले. पहिली भीती अंगातून वीज गेल्यासारखी येते, तिच्यावर आपला ताबा नाही. तिच्या पाठोपाठ येते ती दुसरी: ‘अगं बाई, पुन्हा सुरू झालं! आता चक्कर आली तर? वेड लागलं तर?’ मेंदूला हीसुद्धा धोक्याची बातमीच वाटते. तो पुन्हा अ‍ॅड्रेनॅलिन सोडायला लावतो. लाकूड आपणच घालत राहतो आणि चूल विझत का नाही म्हणून रडतो.

पुढे डॉक्टर झालेल्या वीक्सबाईंचं पुस्तक १९६२ मध्ये आलं. उपाय चार पायऱ्यांचा: सामोरं जा, स्वीकार कर, तरंगत राहा, वेळ जाऊ दे. तरंगत! विहिरीच्या काठावरची आरोळी हीच. घराबाहेर पाऊल टाकायला धजत नसलेल्या माणसांनी रेकॉर्डवर त्यांचा आवाज ऐकत ऐकत उंबरा ओलांडला. अशा ५२८ जणांचा अनुभव त्यांनी १९७३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला.

मराठी माणूस इथे ‘स्वीकार’ या शब्दाशी अडखळतो. आपल्याकडे ‘सोसणं’ फार जुनं आणि मानाचं. पण दातओठ खाऊन सोसणारा माणूस आतून झुंजतच असतो. त्याचे खांदे ताठ, पोट आवळलेलं, एक डोळा घड्याळाकडे, हे कधी जाईल म्हणून. स्वीकारात खांदे खाली येतात. धडधड आहे ना, असू दे, मी भाजी चिरतो आहे तशी चिरत राहतो. अट न घालता. ‘स्वीकारलं की जाईल ना?’ असं विचारत केलेला स्वीकार हा लढाईचाच एक डाव असतो, आणि मेंदू त्याला फसत नाही.

झुंजण्याने उलटच का होतं? औषध घेताना माकडाची आठवण काढू नकोस, असं सांगणाऱ्या वैद्याची गोष्ट आपण लहानपणीच ऐकली आहे. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत तीच जणू प्रयोगशाळेत नेली. पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटा वाजवायची. घंटा वाजतच राहिल्या. शिवाय ज्यांनी आधी विचार दाबला, त्यांना नंतर मोकळीक मिळाल्यावर अस्वल जास्तच दिसलं. विचार आला का हे पाहायला मनाला तो विचार सतत हाताशी ठेवावा लागतो. पहारेकरीच चोराचं चित्र घेऊन फिरतो.

पाली संयुत्त निकायातल्या सल्ल सुत्तात बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा मनाला, आणि शहाण्याला तो दुसरा लागत नाही. इतक्या शतकांच्या अंतराने सिडनीच्या एका बाईंना तोच दुसरा बाण आपल्या छातीत सापडावा!

स्वीकाराचं हे सूत्र अन्यायाला लागू नाही. मारणारा नवरा, छळणारा साहेब यांचा स्वीकार करायचा नसतो. छातीत धडधड होत असेल तर आधी हृदय तपासून घ्यायचं, हेही तितकंच खरं. जगणंच नकोसं वाटत असेल तर एकट्याने तरंगायचा प्रयत्न करू नका. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

म्हातारपणी वीक्सबाईंना कुणी विचारलं, तुम्हाला कधी पॅनिक अटॅक आला होता का? त्यांनी सांगितलं की अजूनही येतात, कधी कधी रात्री झोपेतून जागं करतात. विचारणाऱ्याला वाईट वाटलं. त्यावर त्या म्हणाल्या, तुमची सहानुभूती दुसऱ्या कुणासाठी ठेवा, मला तिची गरज नाही.