बुधवार आणि रविवार का उघडत नाहीत?

पुण्यात सातही वारांच्या पेठा आहेत. समजा, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एकीनं विंडोजच्या डी ड्राइव्हवर पेठवार सात फोल्डर केले, नावं इंग्रजीत, सगळी स्मॉल लेटर्समध्ये. पायथनमध्ये बॅकस्लॅश देऊन त्यांचे पाथ लिहिले. पाच पेठा उघडल्या. बुधवार आणि रविवार मात्र अडून बसल्या.

गैरसमज : फोल्डर आहे, स्पेलिंगही बरोबर आहे, म्हणजे विंडोजच गंडलंय.

वस्तुस्थिती : कोडमधला पाथ दोनदा वाचला जातो. आधी पायथन वाचतं, मग विंडोज. अवतरणचिन्हांतला बॅकस्लॅश दिसला की पायथन पुढच्या अक्षराला खास अर्थ आहे का ते बघतं. बी म्हणजे बॅकस्पेस, आर म्हणजे ओळीच्या सुरुवातीला परत, एन म्हणजे नवी ओळ, टी म्हणजे टॅब. त्यामुळे बुधवारचा बी वाटेतच गळतो आणि विंडोजच्या हाती भलतंच नाव पडतं. एस, एम, जी यांना असा अर्थ नाही, म्हणून बाकीचे पाच वार सुटले. याच न्यायानं कोथरूड सुखरूप, पण नाना पेठ आणि टिळक रोड गोत्यात.

गैरसमज : चूक असती तर पायथननं सांगितलं असतं.

वस्तुस्थिती : इथे उलटंच आहे. पायथन 3.12 पासून ठळक इशारा येतो तो सोमवार-मंगळवारवर, कारण बॅकस्लॅश-एस असं काही भाषेत नाही. बॅकस्लॅश-बी मात्र तिला पूर्ण वैध वाटतो, म्हणून तिथे ती गप्प.

गैरसमज : पहिलं अक्षर कॅपिटल केलं की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : बुधवार सुटेल, पण कॅपिटल एन आणि यू यांनाही खास अर्थ आहे. म्हणून नारायण पेठ किंवा सी ड्राइव्हवरचा 'यूजर्स' फोल्डर असा लिहिला, तर प्रोग्राम सुरूच होत नाही.

गैरसमज : विंडोजला बॅकस्लॅशच लागतो.

वस्तुस्थिती : 1981 च्या डॉसमध्ये फोल्डर नव्हते आणि साधा स्लॅश कमांडचे पर्याय लिहायला वापरात होता. 1983 मध्ये डॉस 2.0 बरोबर फोल्डर आले, तेव्हा त्यांच्या वाट्याला बॅकस्लॅश आला. पण प्रोग्राममधून दिलेला साधा स्लॅश विंडोजलाही बहुतेक ठिकाणी चालतो. तो नको असेल तर बॅकस्लॅश दोनदा लिहा किंवा अवतरणचिन्हाआधी आर लावा. आर लावला तरी शेवटी एकटा बॅकस्लॅश ठेवता येत नाही. पाथचे तुकडे जोडायचे असतील तर 'पाथलिब' वापरावं. ते पायथन 3.4 पासून सोबतच येतं.

गैरसमज : मराठी नावं दिली की हमखास घोटाळा.

वस्तुस्थिती : "डी:\बुधवार" असं लिहून बघा. ड्राइव्हचं अक्षर तेवढं इंग्रजी ठेवा. बॅकस्लॅशपुढच्या 'ब'ला खास अर्थ नाही. इशारा येईल, पण पेठ उघडेल. मराठीची अडचण निराळी आहे. 'नऱ्हे'मधला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकच चिन्ह म्हणून, किंवा 'र' आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं मिळून. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला मात्र ती दोन वेगळी गावं वाटतात. म्हणून नावं जुळवण्याआधी दोन्ही एकाच प्रकारात आणून घ्यावीत.