यंत्राची बुद्धी, यंत्राची ऊब आणि आपले धान

नागऱ्याच्या बांधीत धान कापून कडपा पडलेला असतो आणि नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस येतो. वर्षाची मेहनत भिजते. हवामान बदलले म्हणजे काय झाले, हे आपणांस पुस्तकातून शिकावे लागत नाही. या संकटात कृत्रिम बुद्धिमत्ता कामी येईल काय, याचा विचार स्मरणिकेच्या निमित्ताने करू या.

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासून त्यांतून अनुमान काढणारी संगणकाची पद्धत. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने या पद्धतीने काढलेला मान्सूनचा अंदाज १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाईलवर पाठविला. पऱ्हे केव्हा टाकावे, हे ठरविताना असा अंदाज मोलाचा ठरतो.

परंतु या बुद्धीलाही खुराक लागतो. हे संगणक ज्या डेटा सेंटरमध्ये असतात, तेथे रात्रंदिवस वीज लागते आणि तिची जवळजवळ सगळी उष्णता होते. राज्यातील अनेक मोठी डेटा सेंटर नवी मुंबईत आहेत. राज्याच्या वीजजाळ्यात आपल्या जिल्ह्यातील तिरोड्याचे ३,३०० मेगावॅटचे कोळशावरील केंद्रही वीज घालते. म्हणजे कोळसा येथे जळतो, यंत्र तेथे चालते.

उपाय दोन आहेत. पहिला, वीज वाचविणे. गुगलने २०१६ मध्ये डेटा सेंटरमधील शीतकरण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सल्ल्याने चालविले, तेव्हा त्यावरील वीज ४० टक्क्यांपर्यंत घटल्याचे जाहीर केले. दुसरा, उष्णता वापरणे. डेन्मार्कच्या ओडेन्स शहरात डेटा सेंटरची उष्णता नळांतून घराघरांत ऊब देते.

आपल्याकडे घरे तापवायची नाहीत. धान मात्र वाळवायचे असते. कापणीच्या वेळी त्यात बहुधा २० टक्क्यांहून अधिक ओलावा असतो, साठवणीस तो १४ टक्क्यांच्या आसपास लागतो. उसन्या तांदळासाठी वाफच हवी. पण वाळवणीस कोमट, कोरडी हवा पुरते. अडचण एवढीच की अशी ऊब दूर नेता येत नाही. नवी मुंबईची उष्णता नागऱ्याला येणार नाही. तेव्हा नवे केंद्र उभारतानाच त्याच्या शेजारी त्या उष्णतेचे गिऱ्हाईक असले पाहिजे. गोंदियासारख्या भात गिरण्यांच्या गावाचा विचार त्यात का होऊ नये?

विद्यार्थी बंधुभगिनींनो, यंत्राचे कौतुक जरूर करा; पण त्याची वीज कोठून येते आणि उष्णता कोठे जाते, हेही विचारा. ज्यांच्या दारी धूर, त्यांच्या पदरी लाभाचा वाटा पडावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.