शस्त्रक्रियेनंतरची वाटचाल
(कर्करोगासाठी फुफ्फुसाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे शारीरिक पुनर्वसन)

रुग्णालयांच्या वार्षिक अहवालांत शस्त्रक्रियांची संख्या ठळकपणे दिलेली असते. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण पुढे जिना चढू लागला का, कामावर परतला का, यासाठी मात्र तक्त्यात सहसा रकाना नसतो. अन्य अवयवातील कर्करोग फुफ्फुसात पसरल्याने ज्यांच्यावर शस्त्रक्रिया होते, त्यांच्या बाबतीत हाच प्रश्न कळीचा ठरतो. म्हणून आमचे देणगीदार, हितचिंतक व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी ही माहिती देत आहोत.

मोठे आतडे, मूत्रपिंड, हाडे अशा अवयवांतील कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे फुफ्फुसात जाऊन तेथे गाठी निर्माण करू शकतात. मूळ रोग आटोक्यात असेल आणि सर्व गाठी काढता येण्याजोग्या असतील, तर निवडक रुग्णांवर शस्त्रक्रिया केली जाते. १९९७ साली ५,२०६ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदी प्रसिद्ध झाल्या. गाठी पूर्णपणे काढता आलेल्यांपैकी सुमारे ३६ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. हे रुग्ण निवडलेले असल्याने याचे सारे श्रेय शस्त्रक्रियेला देता येत नाही, आणि अनेकांमध्ये रोग पुन्हा उद्भवतो. म्हणूनच लाभलेला काळ अंथरुणात जातो की स्वतःच्या पायांवर, याला फार महत्त्व आहे.

उजव्या फुफ्फुसाचे ३ व डाव्याचे २ खंड असतात. शल्यचिकित्सक शक्यतो गाठ व तिच्याभोवतीचा थोडा भागच काढतात. काढलेला भाग पुन्हा वाढत नाही. परंतु उरलेले फुफ्फुस प्रसरण पावून पुढील काही महिन्यांत बरीच उणीव भरून काढते. सुरुवातीच्या दिवसांत रुग्णाला खचवते ती वेगळीच साखळी. बरगड्यांमधील छेद दुखतो, दुखते म्हणून श्वास उथळ घेतला जातो, खोकला दाबला जातो, कफ साचतो व त्यातून न्यूमोनिया संभवतो. पडून राहिल्याने पायांचे स्नायू झडू लागतात ते निराळेच.

ही साखळी तोडण्याची सुरुवात वेदनाशमनापासून होते. वेदनाशामक औषध वेळेवर घेणे हा दुबळेपणा नव्हे. त्यावाचून दीर्घ श्वास घेता येत नाही. प्रकृती स्थिर असल्यास पहिल्या दिवशीच रुग्णाला खुर्चीत बसवून, छातीतील नळी सांभाळत चार पावले चालवले जाते. तीन चेंडूंच्या यंत्रातून सावकाश श्वास आत ओढणे, उशी छातीशी घट्ट धरून खोकणे आणि खांदा आखडू नये म्हणून हात हळूहळू वर नेणे, हे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. पुढे प्रगती मोजण्यासाठी ३० मीटर लांबीच्या मोकळ्या मार्गिकेत ६ मिनिटे चालण्याची चाचणी घेता येते. तिला महागडी यंत्रसामग्री लागत नाही.

खरी कसोटी घरी गेल्यावर लागते. ‘त्यांना हलवू नका, आराम करू द्या’ असे घरातील मंडळी मायेने म्हणतात. परंतु सक्तीची विश्रांतीच रुग्णाची शक्ती हिरावून घेते. दररोज थोडे थोडे अंतर वाढवत चालावे. चालताना दम लागला तरी बोलता आले पाहिजे. डॉक्टर सांगेपर्यंत भरलेला हंडा, धान्याचे पोते उचलू नये. आहारात डाळी, दूध, अंडी असावीत. विडी, तंबाखू, मिश्री कायमची सोडावी. ताप, अचानक वाढलेला दम, कफातून रक्त किंवा पोटरीला सूज आढळल्यास विनाविलंब रुग्णालयात यावे.

या परिश्रमांचे मोल पुढील उपचारांच्या वेळी कळते. केमोथेरपी द्यावी की नाही, हे ठरवताना रुग्ण स्वतःची कामे स्वतः करतो का आणि दिवसाचा किती काळ अंथरुणात असतो, हे कर्करोगतज्ज्ञ पाहतात. गाठ पुन्हा आल्यास दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचारही फुफ्फुसाची क्षमता पाहूनच होतो. चालणे सोडलेल्या रुग्णापुढील हे मार्ग अरुंद होत जातात.

आता थोडे हिशेबाविषयी. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने आखलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. त्यासाठी देयकांच्या एकूण रकमेच्या २ टक्के निधी वेगळा ठेवला जातो. या व्यवस्थेतून रुग्णाच्या देयकाचा भार हलका होतो. परंतु पुनर्तपासणीला येण्याचे एस.टी.चे भाडे आणि सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली रोजंदारी कोणत्याही देयकावर दिसत नाही. अनेकदा त्यापायीच रुग्ण येणे थांबवतो आणि मोठा खर्च करून मिळवलेला लाभ छोट्या खर्चाअभावी वाया जातो.

देणगीदारांनी शस्त्रक्रियागृहासाठी आजवर उदार हस्ते साहाय्य केले आहे. त्या औदार्याचा काही अंश रुग्णाच्या परतीच्या प्रवासासाठी आणि फिजिओथेरपिस्टच्या वेळेसाठीही राखून ठेवावा, अशी आमची नम्र विनंती आहे.