फितीच्या शिस्तीतला टार

सर्व्हरवरच्या एखाद्या फोल्डरमध्ये नुसती ‘व्ही’ नावाची फाइल दिसली की ओळखावं, इथे कुणीतरी टार या कमांडच्या तावडीत सापडलं होतं. नावाला शेंडा ना बुडखा, आकार मात्र चांगला दोन-चार जीबी. घडलेलं असतं ते असं. बॅकअप घेणाऱ्याला तीन गोष्टी सांगायच्या होत्या: सी म्हणजे नवा संग्रह कर, एफ म्हणजे अमुक नावाच्या फाइलीत कर, आणि व्ही म्हणजे काय काय घेतोस ते दाखवत जा. त्याने डॅश देऊन सी, एफ, व्ही ही अक्षरं त्याच क्रमाने जोडून लिहिली आणि पुढे बॅकअपचं नाव टाकलं. पण डॅश दिला की एफला लागून जे काही येईल तेच संग्रहाचं नाव ठरतं. लागून आला व्ही. संग्रह ‘व्ही’मध्ये गेला. ज्याला हा माणूस संग्रहाचं नाव समजत होता, ते टारने ‘आत भरायची फाइल’ म्हणून शोधलं आणि अशी फाइल नाही म्हणून कुरकुर केली.

गंमत पुढेच आहे. हीच अक्षरं, याच क्रमाने, फक्त डॅश गाळून लिहिली असती तर काम बिनबोभाट झालं असतं. डॅश नसेल तर टार आधी सगळी अक्षरं वाचून घेतो आणि कोणाला काय लागतं ते पुढच्या शब्दांतून क्रमाने उचलतो. युनिक्सच्या बहुतेक कमांड डॅशला सरावल्या, टारने मात्र जुनी रीत सोडली नाही आणि नवीही नाकारली नाही. दोन्ही चालतात, पण दोन्हींचे नियम वेगळे. एफ नेहमी शेवटी ठेवायचा आणि त्याच्या पाठोपाठ नाव, एवढी सवय लावून घेतली तर हा घोळ आयुष्यात होत नाही.

याहून महागात पडणारी चूक म्हणजे संग्रहाचं नाव द्यायलाच विसरणं. सी आणि एफ लिहिलं आणि पुढे ‘इथल्या सगळ्या फाइली’ अशा अर्थाची चांदणी टाकली, की शेल त्या चांदणीच्या जागी फाइलींची नावं अकारविल्हे मांडतो. यादीतली पहिली फाइल एफच्या वाट्याला येते. टार ती बिचारी फाइल पुसून तिच्यावर उरलेल्यांचा संग्रह लिहितो आणि तक्रार काही करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तक्रारीसारखं काही घडलेलंच नसतं. फोल्डरमध्ये एकुलती एक फाइल असेल तर मात्र ती वाचते. तेव्हा आत भरायला काही उरत नाही, आणि ग्नू टार म्हणतो की रिकामा संग्रह करायला मी भित्रेपणाने नकार देतो. या शब्दांची लोक थट्टा करतात. पण इंग्रजी कीबोर्डवर संग्रह ‘उघड’ सांगणारा एक्स आणि ‘नवा कर’ सांगणारा सी शेजारी-शेजारी बसतात, हे लक्षात घेतलं तर हा भित्रेपणा किती जणांचे बॅकअप वाचवत असेल याची कल्पना येते.

टारशी भांडायचं नसेल तर त्याचा जन्म कशासाठी झाला ते माहीत हवं. तो पहिल्यांदा दिसला बेल लॅब्सच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ साली. नावातच टेप आहे: चुंबकीय फितीवर फाइली साठवणारा प्रोग्रॅम. त्याआधी हेच काम टीपी नावाची कमांड करत असे. फीत पुढे सरकते, थांबते, पुन्हा सरकते. मधेच उडी मारून हवं ते पान उघडणं तिला जमत नाही, आणि मागे जाऊन अनुक्रमणिका लिहिणं तर नाहीच. टारमधल्या जवळजवळ प्रत्येक विचित्र गोष्टीचं उत्तर या एका वाक्यात सापडतं. एरर आली की मी आधी डिस्क विसरतो आणि इथे फीत असती तर काय झालं असतं, असं विचारतो. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

टार फाइलीची आतली रचना एखाद्या मालगाडीसारखी आहे, सगळे डबे ५१२ बाइटांचे. प्रत्येक फाइलीसाठी आधी एक हेडरचा डबा: नाव, परवानग्या, मालक, गट, आकार, शेवटच्या बदलाची वेळ. मागून फाइलीतला मजकूर, लागतील तेवढ्या डब्यांत, आणि शेवटचा डबा अर्धवट राहिला तर शून्यांनी भरलेला. मग पुढच्या फाइलीचं हेडर. सगळं संपलं की दोन पूर्ण कोरे ब्लॉक. फितीवर दर नोंदीनंतर मोकळी जागा सोडावी लागे, म्हणून लिहिताना २० ब्लॉक एकत्र करत. ती सवय अजून आहे. ‘नमस्कार’ एवढाच शब्द असलेली फाइल लिनक्सवर ग्नू टारने बांधून पाहा. मजकूर २१ बाइटांचा, संग्रह बरोबर १०,२४० बाइटांचा. काही बिघडलेलं नाही, तो फितीच्या हिशेबाने गठ्ठा पूर्ण करतो आहे.

अनुक्रमणिका नसल्याचे परिणाम रोज भोगावे लागतात. १९८९ साली आलेल्या झिपमध्ये सगळ्या फाइलींची यादी शेवटी एकत्र असते, त्यामुळे हवी ती फाइल थेट काढता येते. टारमध्ये ५० जीबीच्या संग्रहातली एक चिठ्ठी हवी असली तरी सुरुवातीपासून चालत जावं लागतं. एकाच नावाची फाइल मागाहून जोडली तर जुनी प्रतही आत राहते, आणि उघडताना शेवटची प्रत आधीच्यांवर लिहिली जाते. मधली फाइल खोडून संग्रहाचा आकार कमी करू म्हणावं, तर फितीवर ते शक्यच नव्हतं. पण याच उणिवेत टारची ताकद आहे. मागे वळून पाहावं लागत नाही म्हणून त्याला पाइपमधून वाहवता येतं. एका यंत्रावर बांधत जायचं, नेटवर्कवरून सोडायचं, दुसऱ्या टोकाला त्याच क्षणी उघडत जायचं. मधे कुठेही पूर्ण संग्रह साठवायची गरज नाही.

हेडरमध्ये आणखी एक कुतूहलाची गोष्ट आहे. आकडे तिथे साध्या अक्षरांत आणि आठच्या पायात लिहिलेले असतात. वेगवेगळ्या बनावटीची यंत्रं अंक वेगवेगळ्या रीतीने साठवत, अक्षरं मात्र सगळ्यांना वाचता येत. आकारासाठी ११ अंकांची जागा, त्यामुळे जुन्या स्वरूपात एका फाइलीची मर्यादा आठ जीबी. हेडरमधल्या बाइटांची बेरीजही तिथेच नोंदलेली असते. ती फक्त हेडरची, मजकुराची नव्हे. फोटोच्या मधोमध दोन बाइट बदलले तर टार ते ओळखणार नाही. जीझिप ओळखतो, कारण तो मजकुराचीही तपासणी-बेरीज ठेवतो.

आणि नावाची जागा १०० बाइटांची. इंग्रजी नावांना ती ऐसपैस वाटली असेल. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची एकेक खूण तीन बाइट घेते, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त या सगळ्या स्वतंत्र खुणा. ‘महाराष्ट्र’ वाचायला चार अक्षरी, मोजायला ३० बाइट. ‘जिल्हा परिषद शाळा पटसंख्या अहवाल’ हे सरकारी कपाटातलं अगदी सरळ नाव घ्या: ८८ बाइट. पीडीएफचं शेपूट लावलं की ९२. फोल्डरच्या नावासाठी उरले आठ, म्हणजे दोन खुणा आणि एक तिरकी रेघ. १९८८च्या पॉझिक्स मानकाने फोल्डरांसाठी आणखी १५५ बाइटांची जागा काढली, तरी फाइलीचं स्वतःचं नाव शंभरातच बसायला हवं होतं. ग्नूने वेगळी युक्ती केली: लांब नाव एका खोट्या फाइलीत लिहून ती खऱ्या फाइलीच्या आधी जोडायची. ज्या जुन्या टारला ही युक्ती कळत नाही तो ती खोटी फाइलही उघडून ठेवतो, आणि लोक ‘लाँगलिंक’ नावाचं हे काय आलं म्हणून विचारत बसतात. २००१च्या पॅक्स स्वरूपाने प्रश्न नीट सोडवला. त्यात नाव कितीही लांब चालतं आणि ते यूटीएफ-८ मध्ये आहे हेही ठरलेलं असतं. मराठी नावांचे संग्रह जपायचे असतील तर फॉरमॅटच्या पर्यायात ‘पॉझिक्स’ असं स्पष्ट सांगावं, हे माझं मत.

मराठी नावांची आणखी दोन दुखणी. पहिलं दिसायला भयंकर, प्रत्यक्षात निरुपद्रवी. रात्रीच्या क्रॉनने घेतलेल्या बॅकअपची यादी सकाळी उघडावी तर ‘म’च्या जागी उलट्या रेघांसह ३४०, २४४, २५६ असे आकडे. फाइल शाबूत असते. क्रॉनला भाषेची सेटिंग मिळालेली नसते, म्हणून टार ते तीन बाइट छापण्याजोगे न मानता आठच्या पायात दाखवतो. लोकेल यूटीएफ-८ केलं की नावं परत येतात. दुसरं दुखणं दिसत नाही आणि त्रास देतं. ‘दऱ्याखोरी’मधला ऱ दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध खूण म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल व्यवस्था नावं साठवताना दुसरा प्रकार करून टाकी. तिथे बांधलेला संग्रह लिनक्सवर उघडला की नाव डोळ्यांना तेच दिसतं, पण टंकून मागितलं तर फाइल सापडत नाही. यात टारचा दोष नाही. त्याने मिळाले ते बाइट जसेच्या तसे दिले. नावं एकसारखी करायला कन्व्हएमव्ही नावाची कमांड आहे.

टार स्वतः काहीही दाबून लहान करत नाही, हे नवख्यांना पटत नाही. ते काम जोडीदारांचं: १९९२चा जीझिप, मग बीझिप-२, एक्सझेड, झेडस्टँडर्ड. बांधताना कोण हवा ते सांगावं लागतं. उघडताना ग्नू टार फाइल पाहून ओळखतो, पाइपमधून आली असेल तर मात्र ओळखूनही स्वतः काही करत नाही, झेडचा पर्याय द्या असं सुचवून थांबतो. पुन्हा फीतच: आलेलं मागे ढकलून पुन्हा वाचता येत नाही. ‘हे जीझिपच्या स्वरूपात नाही’ अशी एरर आली तर पर्याय बदलत बसण्याआधी ‘फाइल’ ही कमांड चालवून आत काय आहे ते बघावं. पुष्कळदा डाउनलोडच्या जागी सर्व्हरने पाठवलेलं ‘पान सापडलं नाही’ हे वेबपान असतं, नावाला फक्त टारचं शेपूट.

काही एरर अशा आहेत की कारण कळेपर्यंत माणूस हैराण होतो. बॅकअपच्या नावात वेळ घातली, दहा, मग विसर्गचिन्ह, मग तीस. टार म्हणतो, या नावाच्या यंत्राशी संपर्क होत नाही. एके काळी फितीचं यंत्र दुसऱ्याच संगणकाला जोडलेलं असे आणि त्या संगणकाचं नाव विसर्गचिन्हाच्या आधी लिहीत. ती सोय अजून जिवंत आहे. विसर्गाच्या आधी कुठे तिरकी रेघ असली तर टार नाव स्थानिक समजतो. त्यामुळे पूर्ण मार्ग लिहिलेली स्क्रिप्ट वर्षानुवर्षं चालते आणि तीच कमांड फोल्डरमध्ये शिरून हाताने दिली की अडते. नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ लावा, किंवा ‘फोर्स-लोकल’ द्या.

बॅकअप किती वेगाने होईल हे पाहायला बरेच जण संग्रह ‘नल’ या कचरापेटीत सोडतात आणि वेग पाहून खूश होतात. ग्नू टार ती पेटी ओळखतो आणि फाइलींचा मजकूर वाचायचे कष्टच घेत नाही. हा खोडसाळपणा नाही. अमांडा ही बॅकअप प्रणाली आकाराचा अंदाज घेताना याच सोयीचा उपयोग करते. खरी परीक्षा हवी तर मधे कॅट जोडून पाइपने पाठवा.

‘वाचत असताना फाइल बदलली’ ही सूचना आली की टार शेवटी एक हा आकडा परत देतो. गंभीर बिघाड असेल तर दोन. चालू लॉग फाइलीसाठी एक म्हणजे किरकोळ बाब, पण ‘शून्य नाही म्हणजे फसलं’ असं मानणारी स्क्रिप्ट तिथेच थांबते. याच सूचनेत चालत्या डेटाबेसच्या फाइलीचं नाव असेल तर मात्र तो बॅकअप धरून चालू नये. आधी डेटाबेसच्या स्वतःच्या साधनाने डंप घ्यावा आणि तो टारमध्ये बांधावा.

फिती अजून आहेत, मोठ्या डेटा सेंटरांत एलटीओच्या रूपात. टार मात्र त्यांच्यापलीकडे पसरला. डॉकरच्या इमेजचा प्रत्येक थर म्हणजे टार. डेबियनच्या पॅकेजच्या पोटात टार. एनपीएमवरून येणारं प्रत्येक पॅकेज टार. मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स वाटायचा तोही असाच, आणि २०२४च्या मार्चमध्ये तिथेच घाव बसला. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरवाट पेरली होती. तिला चालना देणारी एक महत्त्वाची फाइल सार्वजनिक गिट भांडारात नव्हती, ती होती फक्त प्रकाशित केलेल्या टारमध्ये. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असं खटकलं, म्हणून ती सापडली. भांडार वाचणारे डोळे खूप होते, संग्रह उघडून भांडाराशी ताडून पाहणारे फारच थोडे.

ताडून पाहायचं तर त्याच सोर्समधून दुसऱ्या कुणीही बांधलेला टार बाइट-बाइट सारखा निघायला हवा, आणि टारचा इमानी स्वभाव इथे आडवा येतो. बांधणाऱ्याचं नाव, क्रमांक, बदलाची वेळ, डिस्कने फाइली ज्या क्रमाने पुढे केल्या तो क्रम, सगळं तो लिहून ठेवतो. मग त्याला एकेक सांगावं लागतं: फाइली नावाच्या क्रमाने लाव, वेळ सगळ्यांना एकच दे, मालक आणि गट शून्य धर, नावं न लिहिता आकडेच लिही. एवढं करूनही दोन प्रतींचे हॅश जुळले नाहीत तर जीझिपकडे बघावं. मूळ फाइलीचं नाव आणि वेळ तोही आपल्या हेडरमध्ये टिपून ठेवतो. ते थांबवायला त्याला एन हा पर्याय द्यावा लागतो.