बागेवर छप्पर कोणते? गवती मांडवापासून हरितगृहापर्यंत



मे महिन्यात टोमॅटोची रोपे टाकावीत आणि वळवाच्या एका सरीने वाफे झोडपून निघावेत. पुन्हा बी टाकावे, तर पांढऱ्या माशीमुळे रोपे बोकड्या होऊन जावीत. असा अनुभव एक-दोनदा आला की बागायतदार ठरवतो, ‘आता छप्पर घालायचेच.’ हा विचार योग्य आहे. मात्र पुष्कळदा यापुढचा निर्णय शेजाऱ्याचे पाहून किंवा अनुदान मिळते म्हणून घेतला जातो. ज्याचे काम जाळीच्या एका तुकड्यात भागले असते, तो कर्ज काढून हरितगृह उभारतो. उलट ज्याला पाऊस अडवायचा आहे, तो शेडनेट बांधून बसतो. म्हणून छपराचा प्रकार निवडण्यापूर्वी ते कशासाठी हवे, हे ठरवावे.

आधी कारण ठरवा

पिकाला त्रास देणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन. कडक ऊन, पाऊस आणि कीड. प्रत्येक छप्पर यांतील एखादीच गोष्ट चांगली अडवते. शेडनेट ऊन अडवते, पण पाऊस अडवत नाही. प्लॅस्टिक कागद पाऊस अडवतो, पण आत उष्णता वाढवतो. बारीक जाळी कीड अडवते, पण वाराही कमी करते. आपले नुकसान कशाने होते ते एका कागदावर लिहून काढावे आणि तेवढे अडवणारे सर्वांत स्वस्त छप्पर निवडावे.

गवती मांडव

बांबू, मेढी आणि गवत किंवा पाचट वापरून घातलेला मांडव आजही उपयोगी आहे. उन्हाळ्यात फळझाडांची कलमे व लहान रोपे ठेवण्यास तो पुरेसा होतो. दरवर्षी डागडुजी लागते. वाळवी व आग यांपासून जपावे लागते.

जाळीचा बोगदा

टोमॅटोवरील बोकड्या व मिरचीवरील चुरडा-मुरडा यांच्या विषाणूंचा प्रसार पांढरी माशी करते. लागण रोपवाटिकेतच झाली तर पुढे कितीही फवारण्या केल्या तरी झाड सुधारत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे गादीवाफ्यावर गजाच्या किंवा बांबूच्या कामट्यांच्या कमानी रोवून त्यावर 40 मेशची नायलॉन जाळी घालणे. 40 मेश म्हणजे एका इंचात 40 छिद्रे. बी पेरल्या दिवसापासून जाळी घालावी व तिच्या कडा मातीत दाबाव्यात. कडा उघडी राहिली तर जाळीचा उपयोग नाही. फुलकिडे अधिक बारीक असल्याने त्यांच्यासाठी मात्र या जाळीवर विसंबून राहू नये.

शेडनेटगृह

50 टक्क्यांचे शेडनेट साधारण निम्मा प्रकाश अडवते. विदर्भ व मराठवाड्यातील कडक उन्हाळ्यात रोपवाटिका, कोथिंबीर व पालेभाज्यांसाठी ते चांगले. परंतु पावसाळ्यातील ढगाळ दिवसांत हीच सावली जास्त होते. रोपे लुकडी होऊन उंच वाढतात. पाण्याचे थेंब जाळीतून गळत राहतात व पाने ओली राहिल्याने रोग वाढतात. म्हणून वरची जाळी गुंडाळून ठेवता येईल अशी रचना करावी. पुनर्लागणीपूर्वी आठवडाभर रोपांना हळूहळू उघड्या उन्हाची सवय करावी.

पावसाळी छप्पर

कोकणासारख्या अतिपावसाच्या भागात भाजीपाल्याचे मुख्य नुकसान पावसानेच होते. तेथे चारही बाजू मोकळ्या ठेवून फक्त वर उतरते प्लॅस्टिक घातले तरी पिकाचे रक्षण होते. बाजू उघड्या असल्याने आत हवा खेळती राहते. छपराचे पाणी पुन्हा वाफ्यात येऊ नये म्हणून कडेने चर काढावेत.

हरितगृह (पॉलिहाऊस)

आपल्याकडील बहुतेक हरितगृहे नैसर्गिक वायुविजनाची असतात. उन्हाळ्यात त्यांच्यातील तापमान बाहेरच्यापेक्षा जास्त होते. म्हणून रंगीत ढोबळी मिरची, जरबेरा व कार्नेशन यांच्यासाठी सौम्य हवामानाचा भाग सोयीचा. जेथे पारा 42 ते 45 अंशांवर जातो, तेथे हरितगृहाचा निर्णय फार विचारपूर्वक घ्यावा.

हरितगृहात पाऊस येत नाही. म्हणजे बाराही महिने पाणी आपणच द्यायचे. पावसाने क्षार धुऊन जात नाहीत, त्यामुळे खारट पाणी असेल तर जमीन लवकर बिघडते. उभारणीपूर्वी माती व पाणी दोन्ही तपासून घ्यावे. एकाच जागी तीच पिके घेतल्यास सूत्रकृमी वाढतात, हेही लक्षात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. जाळीने बंद केलेल्या गृहात मधमाशी येत नाही. त्यामुळे काकडीच्या साध्या जातींना फुले भरपूर येतात, पण फळ धरत नाही. तेथे परागीभवनाशिवाय फळ धरणारीच जात लावावी.

किती मोठे हवे?

येथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. टोमॅटोची लागवड 4 फूट × 1.5 फूट अंतरावर केल्यास एकरी सुमारे 7,260 रोपे लागतात. दहा टक्के जादा धरली तर 8,000. एका 98 कप्प्यांच्या ट्रेप्रमाणे 82 ट्रे पुरतात. एक ट्रे साधारण 54 × 27 सें.मी. जागा घेतो. म्हणजे सर्व ट्रे मिळून जेमतेम 12 चौरस मीटर जागा व्यापतात. मधल्या वाटांसह 25 चौरस मीटर जागेत एकराची रोपे तयार होतात. स्वतःच्या दोन-तीन एकरांसाठी 10 गुंठ्यांचे शेडनेट लागत नाही. रोपे विकण्याचा धंदा करायचा असेल तर गोष्ट वेगळी. पण मग गिऱ्हाईक आधी पाहावे.

हरितगृहाच्या पाण्याचाही असाच हिशेब करावा. 10 गुंठे म्हणजे सुमारे 1,000 चौरस मीटर. वर्षाला 700 मि.मी. पाऊस पडणाऱ्या गावात तेवढ्या छपरावर 7 लाख लिटर पाणी पडते. वीस टक्के वाया गेले तरी 5 लाख 60 हजार लिटर हाती येते. पिकाला रोज चौरस मीटरला 3 लिटर, म्हणजे एकूण 3,000 लिटर पाणी धरले, तर ते सुमारे सहा महिन्यांची गरज भागवते. हे पाणी गोडे असते. म्हणून हरितगृहाच्या पन्हाळी अस्तर घातलेल्या शेततळ्याला जोडाव्यात.

जागा व उभारणी

जागा उंचवट्याची व निचऱ्याची असावी. मोठ्या झाडांची सावली पडू नये. पन्हाळी दक्षिणोत्तर ठेवल्यास सावली एकाच ओळीवर दिवसभर राहत नाही. वळवाच्या वादळात सांगाडा उपटू नये म्हणून पायाच्या कामात काटकसर करू नये. वाऱ्याच्या बाजूने काही अंतर सोडून शेवरी किंवा इतर झाडांचे कुंपण करावे. कीड अडवायची असेल तर एकापाठोपाठ दोन दारे ठेवावीत. एक लावल्याशिवाय दुसरे उघडू नये. जाळीला पडलेले भोक त्याच दिवशी शिवावे.

पैशाचा हिशेब

अनुदानासाठी पूर्वसंमती घेऊनच काम सुरू करावे. चालू वर्षाचे मापदंड सहायक कृषी अधिकाऱ्यांकडून समजून घ्यावेत. काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर अनुदान मिळते, तोपर्यंत पैसा आपलाच गुंतलेला असतो. शिवाय हरितगृहाचा 200 मायक्रॉनचा कागद साधारण तीन वर्षांनी बदलावा लागतो. त्या खर्चाचा तिसरा हिस्सा दरवर्षी बाजूला काढता येईल का, हे आजच पाहावे. येत नसेल तर चौथ्या वर्षी नुसता सांगाडा उभा राहील आणि हप्ते मात्र चालूच राहतील.

म्हणून लहानापासून सुरुवात करावी. या हंगामात एका वाफ्यावर जाळी घालून पाहावी. निरोगी रोपांचा फरक स्वतः अनुभवावा. मग गरज, पाणी, मजूर आणि बाजार यांचा मेळ बसला तर पुढचे छप्पर घालावे.