पितळेत ओतलेली बखर

शाळेत आफ्रिकेचा नकाशा असेल तर तो भिंतीवर टांगा आणि पश्चिम किनारा आत वळतो तिथे बोट ठेवा. तो नायजेरिया. त्याच्या दक्षिण भागात, नायजर नदीच्या अलीकडे, बेनिन नावाचे शहर आहे. याच नावाचा एक स्वतंत्र देशही जवळच दिसेल. पण तो वेगळा, त्याने हे नाव १९७५ साली घेतले. आपल्याला बोलायचे आहे ते एदो लोकांच्या जुन्या बेनिन राज्याविषयी. तिथल्या राजाला ‘ओबा’ म्हणतात, आणि त्या गादीवर आजही ओबा बसतो.

या राज्यात लेखनाची चाल नव्हती. मग राजाने कोणती लढाई मारली, दरबारात कोणाचा मान कोणता, हे पुढच्या पिढीला कळायचे कसे? तोंडी परंपरा होतीच. पण सोळाव्या आणि सतराव्या शतकांत ओबांनी आणखी एक उपाय केला. त्यांनी पितळेचे हातभर उंचीचे फलक ओतवून घेतले आणि ते राजवाड्याच्या लाकडी खांबांवर खिळ्यांनी ठोकले. खिळ्यांची भोके फलकांच्या कडांना अजून दिसतात. मधोमध ओबा किंवा सरदार, बाजूला ढाल-भाला घेतलेले शिपाई, शिंग फुंकणारा, पंखा धरणारा. ज्याचा मान मोठा त्याची आकृती मोठी. मुलांनी चित्र काढावे तसा सरळ हिशेब. गळ्यात पोवळ्यांच्या माळा किती आणि कशा, यावरून जाणत्याला त्याचा हुद्दा ओळखता येई. आपल्याकडे बखरकाराने कागदावर केले ते काम तिथे ओताऱ्याने केले, असे मला वाटते.

हे ओतारी एका आळीत राहत. इगुन हे त्या आळीचे नाव. धंदा बापाकडून मुलाकडे जाई आणि काम फक्त राजाचे. ओतण्याची रीत आपल्याकडच्या मूर्ती ओतणाऱ्यांना परकी वाटणार नाही. मेणाची आकृती घडवायची, तिच्यावर बारीक मातीचे थर चढवायचे, माती वाळली की तापवायची. मेण वितळून निघून जाते, आत पोकळी राहते, तिच्यात पातळ झालेली धातू ओतायची. मग माती फोडायची. साचा एकदाच कामी येतो, म्हणून कोणतेही दोन फलक तंतोतंत सारखे नसतात. मस्तके करताना आत मातीचा गाभा ठेवून मेणाचा थर इतका पातळ घेत की वरची धातूही पातळच येई. हे काम किती अवघड आहे ते ज्याने भट्टीजवळ बसून पाहिले असेल त्यालाच कळेल.

मस्तकांची गोष्ट निराळी. नवा ओबा गादीवर आला की वडिलांच्या नावाने वेदी मांडी आणि तिच्यावर पितळेचे मस्तक ठेवी. मस्तकाच्या माथ्यावरच्या भोकात कोरलेला हस्तिदंत उभा करीत. आपल्या देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक असतात ना? ते आठवा, म्हणजे या मस्तकांना नुसती ‘शोभेची वस्तू’ का म्हणता येत नाही ते ध्यानात येईल.

आता एवढी पितळ आली कुठून? इथे परदेशी माणूस येतो. पोर्तुगीज लोक १४८५ च्या सुमारास बेनिनला पोचले, म्हणजे वास्को द गामा कालिकतला उतरला त्याच्या आधी बारा-तेरा वर्षे. ते घोड्याच्या नालासारखी पितळी कडी आणीत आणि बदल्यात मिरी, हस्तिदंत, कापड आणि माणसेही नेत. हा शेवटचा शब्द गाळून चालणार नाही. त्या पितळेच्या किमतीत गुलामांचा व्यापारही होता, आणि विकणाऱ्यांत बेनिनही होते. मौज पाहा, पुढे आपल्याकडची मिरी लिस्बनला जाऊ लागली तेव्हा तिच्या धंद्याला धक्का नको म्हणून बेनिनची मिरी पोर्तुगालच्या राजानेच बंद पाडली. त्या कड्यांची धातू मुख्यतः जर्मनीतील ऱ्हाइन नदीच्या मुलुखातली होती, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका रासायनिक अभ्यासात आढळले.

ओताऱ्यांनी परक्यांनाही बखरीत घेतले. लांब केस, दाढी, टोपी घातलेले पोर्तुगीज फलकांवर आहेत. ओबा एसिगे याची आई इदिया हिचा हस्तिदंती मुखवटा प्रसिद्ध आहे. त्याच्या माथ्यावर दाढीवाल्या पोर्तुगिजांची चिमुकली मुंडकी ओळीने कोरली आहेत. पाहुणा आला तो राणीच्या शिरपेचातला दागिना होऊन बसला!

काही शतकांनी आलेला इंग्रज असा दागिना व्हायला तयार नव्हता. त्याला ताडतेल आणि रबर हवे होते, आणि ओबा व्यापारावरचा आपला हात सोडीत नव्हता. १८९६ च्या अखेरीस फिलिप्स या इंग्रज अधिकाऱ्याने ओबाला पदच्युत करण्याची परवानगी लंडनकडे मागितली आणि राजवाड्यातल्या हस्तिदंतातून मोहिमेचा खर्च निघेल, असेही कळवले. उत्तराची वाट न पाहता तो निघाला. राज्यात वार्षिक विधी चालू होते, आता येऊ नका, असा निरोप आला तरी तो थांबला नाही. जानेवारी १८९७ मध्ये वाटेत त्याच्या तुकडीवर हल्ला झाला. गोऱ्यांपैकी दोघेच वाचले. पुढच्याच महिन्यात रॉसन या आरमारी सेनापतीच्या हाताखाली सुमारे बाराशे माणसांची फौज आली. १८ फेब्रुवारीला शहर पडले, मग जळाले. ओबा ओवोनराम्वेन कालाबारला हद्दपार झाला आणि तिथेच १९१४ मध्ये वारला. बेनिनमध्ये नरबळी दिले जात, हे इंग्रजांनी पुष्कळ सांगितले. ते खोटे नव्हते. पण खर्चाचा तो हिशेब त्याआधी लिहून झाला होता.

फलक तोवर खांबांवरून उतरवून राजवाड्यात साठवले होते. ते, वेद्यांवरची मस्तके, हस्तिदंत, अशा हजारो वस्तू नेल्या, विकल्या, वाटल्या. कोणते मस्तक कोणत्या ओबाच्या वेदीवरचे, याची नोंद कोणी ठेवली नाही. लंडनमध्ये त्याच वर्षी तीनशेवर फलक मांडले, तेव्हा विद्वानांना प्रश्न पडला की हे आफ्रिकी माणसाला कोणी शिकवले? पोर्तुगिजांनी की मिसरच्या लोकांनी? बर्लिनचा फॉन लुशान मात्र म्हणाला की, युरोपातल्या उत्तम ओताऱ्यालाही याहून चांगले जमले नसते.

कोणी विचारील, लढाईत लूट होतेच. १७३९ मध्ये वसई घेतल्यावर चर्चच्या घंटा आपल्या देवळांत नाही का आल्या? आल्या. प्रश्न रास्त आहे, आणि वर्गात मुलांनी तो विचारला तर टाळू नये. पण घंटा नेल्याने वसईचा इतिहास मुका झाला नाही. इथे ज्यांना लिपी नव्हती त्यांचे दप्तरच गेले, आणि त्यांच्या मुलांना ते वाचायला लंडन-बर्लिनचे तिकीट काढावे लागले. नायजेरियाला १९५० नंतर ब्रिटिश म्युझियमकडून आपल्याच वस्तूंपैकी काही फलक पैसे मोजून घ्यावे लागले. १९७७ मध्ये लागोसला मोठा कलामहोत्सव झाला. त्याचे चिन्ह म्हणून इदियाचा मुखवटा निवडला होता, पण लंडनने मूळ मुखवटा उसनाही दिला नाही.

अलीकडे वारे फिरले आहे. केंब्रिजच्या जीझस कॉलेजने २०२१ मध्ये पितळी कोंबडा परत केला, जर्मनीने २०२२ मध्ये हजारांहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाच्या नावे केली, नेदरलंडने २०२५ मध्ये ११९ वस्तू परत धाडल्या. ब्रिटिश म्युझियमकडे नऊशेवर आहेत, आणि १९६३ च्या कायद्याने आम्हांला त्या देता येत नाहीत, असे ते सांगते. परत आलेल्या वस्तू सरकारी संग्रहालयात ठेवाव्या की ओबाच्या वाड्यात, यावर खुद्द नायजेरियात वाद झाला. २०२३ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी मालक ओबा आहे असे जाहीर केले. आणि इगुन आळीत भट्ट्या पेटतातच. हद्दपार ओबाचा मुलगा दुसरा एवेका १९१४ मध्ये गादीवर आला, त्याने ओताऱ्यांना पुन्हा कामाला लावले. आज ते मोडीच्या पितळेतून ओततात, आणि गिऱ्हाईक कोणीही चालते.