संप, शुश्रूषा व संगोपन सेवांतील

रुग्ण, बालके, गर्भवती, वृद्ध वा अपंग अशा परावलंबी व्यक्तींची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी आपल्या मागण्यांसाठी सामूहिक रीत्या केलेली कामबंदी. परिचारिका, निवासी डॉक्टर, रुग्णालयांतील कक्षसेवक, अंगणवाडी सेविका व मदतनीस आणि ‘आशा’ स्वयंसेविका यांचा या वर्गात समावेश होतो. प्रस्तुत नोंदीत अशा संपाच्या नैतिक बाजूचा मुख्यतः विचार केला आहे [→ संप].

गिरणी बंद पडली, की मालकाचे उत्पादन थांबते व नुकसान त्याला सोसावे लागते. संपाचे दडपण थेट त्याच्यावर येते. शुश्रूषासेवेत हे गणित उलटे होते. सेवा बहुधा शासनाची असते आणि संपकाळात शासनाचा वेतनावरील वा मानधनावरील खर्च उलट वाचतो. दडपण येते ते रुग्णाच्या वा बालकाच्या हालांमधून, म्हणजे ज्याचा तंट्याशी काहीही संबंध नाही अशा तिसऱ्या व्यक्तीमार्फत. या संपाविषयीचा मुख्य नैतिक आक्षेप हाच होय. याची दुसरी बाजू अशी, की संप करावयाचा नाही असे ठरविल्यास ‘सेवाभाव’ हेच अल्प वेतनाचे समर्थन होऊन बसते. या सेवांत स्त्रियांचे प्रमाण मोठे असल्याने ही गोष्ट आणखी सहज घडते.

महाराष्ट्रातील विचारपरंपरेत या दोन्ही बाजू स्पष्टपणे मांडल्या गेल्या आहेत. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलहविषयक विधेयकास विरोध करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव असल्याचे प्रतिपादन केले. इच्छेविरुद्ध काम करावयास लावणे म्हणजे गुलामगिरी, असा त्यांचा युक्तिवाद होता. याउलट, १९४६ मध्ये महात्मा गांधींनी सफाई कामगारांच्या दुरवस्थेबद्दल समाजाला दोषी धरूनही त्यांनी संपाचा मार्ग पत्करू नये, असे मत हरिजन पत्रात मांडले. मात्र ज्या समाजाने दुरवस्था लादली, त्याच्याच आरोग्यासाठी दुर्बलाने आपले एकमेव साधन टाकून द्यावे, ही अपेक्षा न्याय्य ठरविणे कठीण आहे.

कायद्याची भूमिकाही एकसारखी राहिलेली नाही. मुंबईच्या जे. जे. समूह रुग्णालयांतील कक्षसेवकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये रुग्णालयास ‘उद्योग’ मानले, १९७० मध्ये हे मत फिरविले व १९७८ मध्ये पुन्हा स्वीकारले. २००३ मध्ये तमिळनाडूतील संपाच्या प्रकरणी त्याच न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, वैधानिक वा नैतिक हक्क नसल्याचे म्हटले. यातील पहिल्या दोन गोष्टी न्यायालयाच्या कक्षेतील होत. तिसरीबाबत मतभेदास पुष्कळ वाव आहे.

१२ मार्च २०१७ रोजी धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एका निवासी डॉक्टरास रुग्णाच्या नातेवाइकांनी बेदम मारहाण केली. डोक्यास गंभीर इजा झालेल्या रुग्णास, मेंदूच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ तेथे नसल्याने, अन्यत्र नेण्यास सांगितले गेले होते. डॉक्टरच्या डोळ्यास गंभीर दुखापत झाली. त्यानंतर इतरत्रही असे प्रकार घडल्यावर राज्यातील हजारो निवासी डॉक्टर ‘सामूहिक रजे’वर गेले, ‘संप’ हा शब्द टाळला गेला, तरी परिणाम तोच होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना कामावर परतण्यास बजावले आणि शासनाने सुरक्षारक्षक नेमण्याचे मान्य केले. डॉक्टरांवरील हिंसेविरुद्ध राज्यात २०१० पासूनच स्वतंत्र कायदा होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. शिंदखेडा, साक्री वा शिरपूर तालुक्यांतील गंभीर रुग्णास धुळ्याचाच आधार असतो. तेथे तज्ज्ञ नसणे हे रुग्णाचे जसे दुर्दैव, तसेच त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या तरुण डॉक्टरचेही. सुविधांची मागणी करणारा संप रुग्णहिताच्या विरुद्ध असतोच असे नाही. परंतु रजेच्या त्या दिवसांत परत पाठविल्या गेलेल्या रुग्णास या युक्तिवादाचा काही उपयोग नव्हता, हेही तितकेच खरे.

अंगणवाडी सेविकांचे उदाहरण अधिक बोधक आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. सेविकांना वेतन नव्हे, तर ‘मानधन’ मिळते; त्या शासकीय पद धारण करीत नाहीत, असा निर्णयही सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. ११ सप्टेंबर २०१७ पासून राज्यातील सुमारे दोन लाख सेविका व मदतनीस यांनी जवळजवळ चार आठवडे संप केला, तेव्हा सेविकांचे मासिक मानधन ५,००० रुपयांवरून ६,५०० रुपये करण्यात आले. मार्च २०१८ मध्ये मात्र त्यांना अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा (मेस्मा) लागू करण्यात आला व विधिमंडळातील विरोधामुळे त्याच महिन्यात स्थगित करावा लागला. वेतनाच्या वेळी स्वयंसेविका आणि संपाच्या वेळी अत्यावश्यक कर्मचारी, ही विसंगती त्यामुळे उघड झाली. सेवा खरोखर अत्यावश्यक असेल, तर तिचे मोलही तसेच ठरले पाहिजे. अन्यथा संपबंदीस नैतिक आधार राहत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविकांना उपदानाचा हक्क मान्य केला. करोनाच्या साथीत, जून २०२१ मध्ये, राज्यातील सुमारे ७०,००० आशांनी केलेला संप अधिक वादग्रस्त ठरला. तथापि साथीतील घरोघरच्या सर्वेक्षणाचे ओझे त्यांच्यावरच होते, हेही विसरता येत नाही.

संपामुळे मृत्यू वाढतात, हा समज सरसकट खरा नाही. १९७६ ते २००३ या काळातील पाच डॉक्टर-संपांविषयीच्या अभ्यासांचा २००८ मध्ये आढावा घेण्यात आला, तेव्हा मृत्युप्रमाण स्थिर राहिल्याचे वा घटल्याचे आढळले. नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या आणि तातडीची सेवा चालू राहिली, हे त्याचे मुख्य कारण. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या संस्थेने संप न करण्याचे धोरण १९९५ मध्ये बदलले. डिसेंबर २०२२ मधील तिच्या संपातून अतिदक्षता, रक्तशुद्धीकरण व कर्करोगावरील रसायनोपचार वगळलेले होते. पूर्वसूचना व किमान सेवा या दोन अटी पाळल्यास संप समर्थनीय ठरतो, असे मत त्यामुळे बळावले आहे. मोठ्या रुग्णालयात किमान सेवा ठेवणे शक्य असते, कारण तेथे पाळ्या लावता येतात. तापीकाठच्या एखाद्या गावात मात्र सेविका एकच असते. तिच्या अंगणवाडीस कुलूप लागले, की पोषण आहार व वजनाची नोंद ही दोन्ही कामे थांबतात आणि ज्या बालकांची ती कामे असतात, ती बहुधा तिच्याच आळीतील असतात.